कोंबड्यांना टाकलेले डोनट

३० जानेवारी

रोशेल,

तुझं ते यंत्र सापडलं. एअर फ्रायर. तळघरात बटाट्याच्या पोत्यांमागे होतं. उन्हाळ्यात डॅरिलने विचारलं तेव्हा मी "मला नाही दिसलं बाबा कुठे" असं म्हणाले होते, आणि ते काही खोटं नव्हतं. पोत्यांमागे मुद्दाम वाकून कोण बघतं? आता दिसलं, पुसून ठेवलंय. कुठे पाठवू ते कळव. तुमच्या रेडिंगच्या नव्या घराचा पत्ता डॅरिलनेच दिला. फोन करणार होते, म्हणजे केला होता, पण तू उचलत नाहीस हे आता माझ्याही लक्षात आलंय.

दुसरी बातमी म्हणजे माझा डावा हात मोडला. टपालपेटीपाशी बर्फावर घसरले. कोपरापर्यंत प्लास्टर आहे. तुझ्या डॅरिलला सांगितलं, तो तेव्हा ट्रक घेऊन ओहायोत होता. म्हणाला, "आई, तुला किती वेळा सांगितलं, मीठ टाकत जा." आईचा हात मोडला तरी या मुलाचं बोलणं मिठावरच. असो. कोंबड्यांचं मी एका हाताने करते. पण पीठ मळता येत नाही, आणि चरबीची कढई तर उचलायचा प्रश्नच नाही. फास्नाख्टचा मंगळवार, डोनट तळायचा दिवस, महिन्याभरावर आलाय. या घरात त्या दिवशी कढई चढली नाही असं माझ्या जन्मात झालेलं नाही.

डॅरिल म्हणतो, त्या मंगळवारी टेसाला शाळेला सुट्टी आहे आणि तू हो म्हणालीस तर तो तिला घेऊन येईल. तू हो म्हणावंस असं मला वाटतं. वर्ष होत आलं, नातीला पाहिलं नाही.

मागच्या वर्षीच्या त्या दिवसाबद्दल मी काही उगाळत बसणार नाही. दोघीही दमलेल्या होतो. तू रात्रपाळी करून आलेली, मी पहाटेपासून चुलीपाशी. बशी हातातून घसरली, शब्दाने शब्द वाढला. घराघरात होतं असं.

यंत्राचं कळव.

अर्लीन

१० फेब्रुवारी

रोशेल,

तुझं उत्तर नाही. कामात असशील. वृद्धाश्रमात हिवाळ्यात आजारपणं फार, ते मला माहीत आहे.

यंत्र अजून पाठवलेलं नाही, कारण म्हटलं पाठवण्याआधी ते चालतं की नाही बघावं. मोडकं पाठवलं तर पुन्हा माझ्याच नावाने बोंब. तर लावून बघितलं. चालतं. थोडा धूर झाला, पण चालतं.

आता खरं सांगते. टेसा आली आणि घरात डोनट नसला तर ते मला बघवणार नाही. चर्चच्या बायका करतात ते मी विकत आणू शकते, त्यांच्यातल्या फेचे हात काही वाईट नाहीत, पण फास्नाख्टच्या दिवशी किस्टलरांच्या घरात दुसऱ्याच्या कढईतलं आणायचं म्हणजे शेजारणीचा फराळ आपल्या ताटात वाढून मिरवायचं. मग म्हटलं, तू ते दुकानात पुठ्ठ्याच्या नळीत मळलेलं तयार मिळतं त्या पिठाचे करायचीस ना, एका हाताने होतील असे, तेच करून बघू. बाजारातून दोन नळ्या आणल्या. आमच्या गावच्या दुकानातून नाही. पलीकडच्या गावातून आणल्या. तिथे मला कोणी ओळखत नाही.

पण माझे नीट झाले नाहीत. बाहेरून जळले, आत पांढरं पीठ तसंच. किती अंशावर ठेवायचं, किती वेळ, आणि मधलं भोक कशाने पाडायचं? आमच्या फास्नाख्टला भोक नसतं, मधोमध सुरीने चीर देतो. त्यामुळे भोक पाडायचं घरात काही नाही. दोन ओळीत लिहून पाठव. पोस्टाचं तिकीट सोबत ठेवलंय.

अर्लीन

१९ फेब्रुवारी

रोशेल,

चिठ्ठी मिळाली. 'मिसेस किस्टलर' असं लिहिलंयस वर. आता ते नाव तुझंही आहे, पण ठीक आहे.

तुझी चिठ्ठी मी फ्रिजवर लावलीय: "तीनशे पन्नास. पाच मिनिटं. मध्ये एकदा उलटायचे. एकाला एक चिकटवून ठेवायचे नाहीत. लोणी नंतर लावायचं, आधी नाही, मग दालचिनीची साखर. भोक सोड्याच्या बाटलीच्या झाकणाने. माझी आई तसंच करायची."

शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझी आई तू अकरा वर्षांची असताना गेली हे मला ठाऊक होतं. त्यानंतर तू याच्या घरी, त्याच्या घरी वाढलीस हेही डॅरिलने लग्नाआधीच सांगितलं होतं. पण हे डोनट तिचे होते, हे तू कधी बोलली नव्हतीस. की बोलली होतीस आणि मी ऐकलं नाही? माझं तसं होतं. भांडी घासताना कोणी बोललं की मी हं हं करते.

तेव्हा आता मलाही काही लिहायला हवं. ती बशी घसरली नव्हती.

तुला फास्नाख्टचं नीट कोणी समजावलंच नाही, आणि ते माझं काम होतं. उपवासाचे दिवस लागण्याआधी घरातली चरबी संपवायची म्हणून आम्ही तळतो. आणि त्या दिवशी घरात जो सगळ्यांत शेवटी अंथरुणातून उठेल तो फास्नाख्ट. त्याला दिवसभर चिडवायचं, आणि जो जे सांगेल ते काम त्याने निमूट करायचं. मी लहान असताना माझा भाऊ दरवर्षी फास्नाख्ट व्हायचा आणि अख्खा दिवस हसत शेण काढायचा. गंमत असते ती. घरच्याच माणसाची करायची असते.

तू सकाळी सातला कामावरून आलीस. टेसाला शाळेत काहीतरी न्यायचं होतं, माझं पीठ अजून फुगायचं होतं, म्हणून तू ते झटपट करून ठेवलेस आणि मग झोपलीस. दुपारी टेसा शाळेतून परत आली तेव्हा उठलीस. मी वाटच बघत होते. "आल्या बघा आमच्या फास्नाख्ट राणीसाहेब!" म्हणाले. तू हसलीससुद्धा. तिथे थांबायला हवं होतं. पण चर्चच्या दोघीजणी बसल्या होत्या आणि ओट्यावर तुझी बशी होती, आणि त्यातली एक म्हणाली, "अर्लीन, तुझ्या घरात नळीतलं पीठ?" माझं डोकं फिरलं. मी बशी उचलून बाहेर गेले आणि कोंबड्यांना टाकले. टेसा खिडकीतून बघत होती. परत आले आणि तुला म्हणाले, "हे कोंबड्याही खात नाहीत."

कोंबड्यांनी खाल्ले होते. दोन मिनिटांत फस्त केले.

आज तुझ्या पद्धतीने करून बघितले. जमले. झाकणाने भोक अगदी बेताचं पडतं.

अर्लीन

२५ फेब्रुवारी

रोशेल,

काल डॅरिलचा फोन आला. इतकं चिडलेलं मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. म्हणाला, "आई, रोशेलला कामावर लोक विचारतायत, सासूचं घर जाळायला निघालेली ती तूच ना? म्हणून. हे काय आहे?" मी म्हटलं, "मला काय माहीत?" फोन ठेवला. मला माहीत होतं.

टेसा येणार नाही, हा तुझा निरोपही त्याने सांगितला.

मागच्या पत्रात जमले म्हणून लिहिलं, पण त्याआधीच्या 'थोड्या धुरा'चं लिहिलं नाही. पहिल्यांदा डोनट करायला यंत्र लावलं तेव्हा मला वाटलं, फ्रायर म्हणजे तळायचंच यंत्र. मग तळायला काहीतरी लागणार. मी त्याच्या भांड्यात दोन बोटं चरबी ओतली. हस, तुझ्या जागी मी असते तर मीही हसले असते. सत्तरीची बाई, आयुष्यभर चरबीत तळत आली, तिला वाऱ्यावर तळण होतं हे कुठून सुचणार! मिनिटाभरात काळा धूर, छताला लावलेला धुराचा भोंगा केकाटायला लागला, मी एका हाताने खिडक्या उघडतेय, आणि समोरच्यांनी बंब बोलावला.

आपल्याकडच्या बंबावर कोण असतं ते तुला माहीत आहे. पगारी माणसं थोडीच, सगळे चर्चमधलेच. फेचा नवरा पुढे होता. भलं मोठं शिरस्त्राण काढून त्याने ओट्यावर बघितलं. ते यंत्र, ती फुटलेली नळी. "अर्लीन," म्हणाला, "तू? नळीतलं पीठ?" जवळपास शब्दन् शब्द तोच. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझं कसलं! सुनेचं यंत्र. चरबीने बरबटलेलं तसंच टाकून गेली, मी नुसतं साफ करून लावून बघितलं तर हे असं. घर जाळलं असतं तिने माझं."

बोलायला एक श्वाससुद्धा लागला नाही. तो गेल्यावर मी ओटा पुसला आणि स्वतःला समजावलं, की तू रेडिंगला, तुला कुठे कळणार आहे. फेची आई तुझ्याच वृद्धाश्रमात, तुझ्याच मजल्यावर आहे हे मला तेव्हा आठवलं नाही. आठवलं असतं तरी बोलले असते की नाही, सांगता येत नाही. जिभेला फार वर्षांची सवय आहे.

तुझ्या हातून म्हातारी माणसं आंघोळ करतात, खातात. त्या हातांना निष्काळजी म्हणायला निघाले मी, आणि कशासाठी? तर फेच्या नवऱ्याला माझ्या ओट्यावर नळी दिसू नये म्हणून. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

मी हे निस्तरते. टेसाला पाठव असं आता म्हणत नाही.

अर्लीन

२ मार्च

रोशेल,

काल चर्चच्या तळघरात डोनटच्या पिठात घालायचे बटाटे सोलायला जमले होते सगळे. मला एका हाताने सोलता येत नाही म्हणून मला उकडलेले बटाटे कुस्करायला बसवलं होतं. फे मुख्य, नेहमीप्रमाणे. बाहेर बंबाच्या माणसांचा चहा चाललेला. मी पाणी प्यायले आणि उभी राहिले.

"मला काहीतरी बोलायचंय."

फे म्हणाली, "बस गं, आधी बटाटे. बोलणं काय, तुझं दिवसभर चालूच असतं."

सगळ्या हसल्या. मला वाटलं, खाली बसावं. पण बसले नाही. म्हटलं, "माझ्या घरात धूर झाला तो रोशेलमुळे नाही. यंत्र स्वच्छ होतं. मी त्यात चरबी ओतली."

मग फे म्हणाली, "कशात?"

"एअर फ्रायरमध्ये."

"चरबी?"

"दोन बोटं."

हसण्याचा जो दणका उठला, तो बाहेर चहाच्या टेबलापर्यंत गेला असणार, कारण फेचा नवरा दारात येऊन उभा राहिला. त्याला पुन्हा सांगावं लागलं. एकीने विचारलं, "पण अर्लीन, तू नळीतल्या पिठाचं करत काय होतीस?" म्हटलं, "डोनट. आणि नंतर अजून केले. चांगले होतात. आणि मागच्या वर्षी तुमच्या दोघींसमोर मी सुनेची बशी उचलून नेली, तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. तिला वाटावी म्हणून धडपडले मी."

तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. फे सोलाणं ठेवून म्हणाली, "अगं, मी ते आईला सांगितलं. आईने सगळ्या मजल्याला सांगितलं असणार." मी म्हटलं, "म्हणूनच उभी राहिले ना बाई."

घरी परतताना गाडी शेजारणीला चालवू दिली. अजूनही मान वर करून खिडकीतून बघवत नाही. तरी हे आधी करायला हवं होतं.

मंगळवारी यायचं की नाही ते तू ठरव. मी इतकंच सांगते की दाराला कडी नसेल. आणि मी उठणार नाही. चार वाजता उठायचं नाही, पाचला नाही, कोंबड्या ओरडल्या तरी नाही. यंदा या घरातली फास्नाख्ट मी.

अर्लीन

५ मार्च

रोशेल,

काल तू होतीस, तेव्हा तुला नव्याने काय सांगायचं असं वाटेल. पण बराच वेळ तू गाडीतच बसून होतीस, आणि नंतर वृद्धाश्रमात तू भिंतीकडे बघत होतीस. म्हणून लिहिते.

उजाडल्यावर अंथरुणात पडून राहणं हे किती कठीण काम आहे! पाठ दुखायला लागली. कोंबड्यांनी तर मला मेलेली ठरवलं असेल. आठ वाजून गेले आणि मला वाटायला लागलं, आता कोणी येत नाही, म्हातारे, ऊठ आणि दाणे टाक. पाय खाली सोडणार तोच गल्लीत तुझी गाडी वळल्याचा आवाज आला. मी पाय पुन्हा पांघरुणात ओढून घेतले.

टेसा किती उंच झालीय. दारात येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "आजी, तू आजारी आहेस?"

"नाही गं. मी शेवटची उठणार आहे."

तिने जरा विचार केला. मग तिचा चेहरा असा फुलला! "म्हणजे तू फास्नाख्ट!" आणि पलंगावर उडी मारून ती ओरडत सुटली, "आजी फास्नाख्ट! आळशी आजी! ऊठ आळशी!" मोडक्या हातावर आपटली, मला कळ गेली, पण मी सांगितलं नाही. मग तिने मला कामं सांगायला सुरुवात केली. माझे मोजे शोध. माझ्या बुटाची नाडी बांध, एका हाताने. डोनट कर. मी नळी ओट्याच्या कडेवर आपटली, ती फट्कन फुटली, टेसा खिदळली. झाकणाने भोकं तिने पाडली. मधले बारके गोळे पण भाजले. ती म्हणाली, "मम्मीची आई हे गोळे मम्मीला द्यायची." म्हणून ते वेगळे काढून ठेवले.

मी बशी घेऊन बाहेर आले तेव्हा तू काच थोडीच खाली केलीस. रात्रपाळीचे डोळे होते तुझे. माझ्या अंगात रात्रीचाच झगा, वरून कोट, पायात रबरी बूट. तू गोळा खाल्लास आणि चव घेत म्हणालीस, "लोणी आधी लावलंत."

"हो. घाई झाली."

"आज तुम्ही फास्नाख्ट ना?"

"हो."

"मग मी सांगेन ते करायचं."

"हो."

"बसा गाडीत. बशी घेऊन."

कपडे बदलू का असं विचारणार होते, पण तुझा चेहरा बघून टेसाला घेऊन तशीच गाडीत बसले. मला वाटलं होतं, चर्चमध्ये बोलले म्हणजे झालं. पण नावाला डाग लावला एका ठिकाणी आणि धुतला दुसऱ्याच ठिकाणी, हे तू बरोबर ओळखलंस. तुझ्या मजल्यावरच्या जेवणघरात सगळे चाकाच्या खुर्च्यांवर बसलेले, आणि तू माझा दंड धरून म्हणालीस, "या माझ्या सासूबाई. यांना काहीतरी सांगायचंय." आणि भिंतीकडे तोंड केलंस.

तुला दिसलं नाही, म्हणून सांगते. फेची आई कानामागे हात धरून ऐकत होती. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे ही पोरगी नव्हे?" म्हटलं, "नव्हे. मीच ती." ती म्हणाली, "मग आम्ही महिनाभर तिला बोलत राहिलो ते?" आणि डोळे पुसायला ती हातरुमाल चाचपत राहिली. मग खिडकीपाशी बसलेले ते टोपीवाले आजोबा ओरडले, "चरबी ओतली? त्या यंत्रात? अगं ए, तू इथेच राहायला ये, आमच्यात शोभशील!" आणि खोकला लागेपर्यंत हसले. तेव्हा तुझे खांदे हलले. तू रडत होतीस की हसत होतीस, मला पाठीवरून कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

परत सोडताना तू म्हणालीस, "यंत्र राहू दे तिकडे. टेसा आली की लागेल." मी हं म्हटलं. पण एक गोष्ट अजून उरली होती. ती गाडीत सांगायची राहिली. चर्चमध्येही सांगितली नाही, जेवणघरातही नाही. कोणी बघितलेली नाही आणि मी गप्प बसले तर कोणाला कधी कळणार नाही.

त्या दिवशी तुझी बशी घेऊन मी बाहेर गेले. टेसा खिडकीत होती, म्हणून आधी खुराड्याच्या मागे वळले, तिला दिसू नये तिथे. राग इतका होता की पाय आपटत चालले होते. तिथे उभी राहिले आणि एक उचलून खाल्ला. का, ते मला अजून कळलेलं नाही. बहुतेक वाईट निघावा म्हणून. म्हणजे आत जाऊन बोलायला बरं.

तो वाईट नव्हता. सकाळचा होता, गार झाला होता, तरी मऊ होता, आणि दालचिनी अगदी बेताची होती. मी तो सगळा खाल्ला. बोटांना लागलेली साखर चाटली, ॲप्रनला हात पुसले. मग पुढे येऊन, टेसाला दिसेल अशी उभी राहून, उरलेले कोंबड्यांना टाकले आणि आत येऊन तुला ते वाक्य बोलले.

तुझ्या आईचा डोनट चांगला होता, रोशेल. बोलले तेव्हा मला माहीत होतं.

अर्लीन